पारा गेला कुठे?

आमच्या पिढीने शाळेच्या प्रयोगशाळेत पाऱ्याशी खेळ केलेला आहे. तापमापी फुटली की गुरुजी रागावत. पण ते काचा गोळा करीपर्यंत आम्ही मुले टेबलावरचे चंदेरी थेंब बोटाने एकमेकांत मिसळत असू. थेंब घरंगळत जाऊन फरशीच्या फटीत शिरले की खेळ संपे. पारा 'नाहीसा' झालेला असे. तो खरोखर नाहीसा झाला का, आणि झाला नसेल तर गेला कुठे, हा प्रश्न त्या वेळी आम्हाला पडला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका शिक्षक-शिबिरात 'जिवाणू आणि प्रदूषण' या विषयावर बोलण्याची वेळ आमच्यावर आली. व्याख्यान संपल्यावर एका अनुभवी शिक्षकांनी विचारले, "पाऱ्यासारखे विषारी धातू खाऊन टाकणारे जिवाणू निसर्गातच आहेत म्हणता. मग कारखान्यांच्या सांडपाण्याची एवढी चिंता कशाला? ते जिवाणूच साफ करतील की!" प्रश्न प्रामाणिक होता आणि बऱ्याच जणांच्या मनातला होता. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. सविस्तर उत्तर द्यायचे तर पाऱ्याचा आणि जिवाणूंचा सुमारे १४० वर्षांचा इतिहास सांगायला हवा. तो येथे सांगत आहोत.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवू. तेल, साखर, मैला हे सेंद्रिय पदार्थ जिवाणू खरोखर 'खातात'. त्यांचे रेणू मोडून कार्बन डायऑक्साईड व पाणी करतात. पारा हे मूलद्रव्य आहे. त्याचा अणू कोणत्याही जिवाणूला मोडता येत नाही. फार तर त्याचे रूप बदलता येते, जागा बदलता येते. म्हणून या इतिहासात पावलोपावली एकच प्रश्न विचारायचा आहे: पारा गेला कुठे?

कॉख यांचे रेशमी धागे

१८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी जंतुनाशकांची पद्धतशीर परीक्षा घेतली. रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सच्या जिवाणूंचे बीजाणू वाळवायचे, ते धागे निरनिराळ्या द्रावणांत बुडवायचे आणि मग पोषक माध्यमावर ठेवून काही उगवते का ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. बीजाणू म्हणजे जिवाणूची कवचबंद, झोपी गेलेली अवस्था. ती सहजासहजी मरत नाही. या परीक्षेत मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याचा एक पाण्यात विरघळणारा क्षार, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. अगदी विरल द्रावणानेही बीजाणूंची वाढ थांबली. कॉख यांच्या शब्दाला वजन होते, त्यामुळे पाऱ्याचे क्षार शस्त्रक्रियागृहांत पोहोचले.

१८८९ साली गेपर्ट या जर्मन संशोधकाने एक साधी शंका काढली. धागा द्रावणातून बाहेर काढला तरी त्याला पारा चिकटलेलाच असणार. मग बीजाणू मेले आहेत की नुसते दाबून ठेवले गेले आहेत? त्याने पाऱ्यातून काढलेल्या बीजाणूंवर अमोनियम सल्फाईडची प्रक्रिया केली. सल्फाईडमधल्या गंधकाने पारा ओढून घेतला, आणि 'मेलेले' बीजाणू पुन्हा उगवले! पारा बीजाणूंवर बसून होता. गंधकाने तो काढताच त्यांची सुटका झाली.

पाऱ्याला गंधकाची ओढ असते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुगच. प्रयोगशाळेत पारा सांडला तर त्यावर गंधकाची भुकटी टाकण्याची पद्धतही याच ओढीतून आली. १९४० साली ब्रिटनमध्ये पॉल फिल्ड्स यांनी हा धागा पेशीपर्यंत नेला. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असते, आणि त्याच्या टोकाला गंधक व हायड्रोजन यांची जोडी असते. पारा नेमका या जोडीवर जाऊन बसतो व प्रथिनाचे काम बंद पाडतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे जिवाणूंना मारणारा पारा आपल्यालाही का मारतो, हे त्यातच आले. सिस्टीन त्यांच्याही प्रथिनांत आहे आणि आपल्याही.

मिनामाताची मांजरे

आता जपानमध्ये जाऊ. क्युशू बेटावर मिनामाता नावाचे गाव आहे. एका बाजूला मच्छीमारांच्या वस्त्या, दुसऱ्या बाजूला चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना. या कारखान्यात १९३२ सालापासून ॲसिटाल्डिहाईड तयार होऊ लागले. कॅल्शियम कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू करण्याचा प्रयोग आपण वर्गात शिकवतो. त्याच ॲसिटिलीनची पाण्याशी अभिक्रिया घडवून ॲसिटाल्डिहाईड मिळवत, आणि त्यासाठी उत्प्रेरक म्हणून मर्क्युरिक सल्फेट वापरत. उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. कारखान्यात मात्र त्यातला काही पारा सांडपाण्याबरोबर वाहून जात असे. शिवाय त्याच भांड्यात थोडासा पारा कार्बनशी जोडला जाऊन मिथिल मर्क्युरी तयार होई. हे सारे उपसागरात सोडले जात होते.

१९५० नंतरच्या काही वर्षांत गावातली मांजरे झिंगल्यासारखी नाचू लागली, तडफडून मरू लागली, काही समुद्रात पडू लागली. एप्रिल १९५६ मध्ये सहा वर्षेही पुरी न झालेली एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात दाखल झाली. तिला नीट चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. तशीच आणखी मुले आढळली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य केंद्राला कळवले की कारण न समजलेला मज्जासंस्थेचा रोग पसरतो आहे. ही त्या रोगाची पहिली अधिकृत नोंद.

१९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी कारण सेंद्रिय पारा असल्याचे सांगितले. कारखान्याच्या गटाराच्या तोंडाशी गाळात एका टनामागे सुमारे २ किलो पारा सापडला होता. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना खाऊ घातले. ४०० क्रमांकाच्या मांजराला ऑक्टोबरमध्ये तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डॉक्टरांनी १९७० साली आजारपणात अंथरुणावरून न्यायालयासाठी साक्ष दिली तेव्हा तो अधिकृतपणे नोंदला गेला.

याच इतिहासातली आणखी एक घटना आमच्या विषयाला फार जवळची आहे. डिसेंबर १९५९ मध्ये कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारे नवे यंत्र थाटामाटाने सुरू केले. लोकांना वाटले, प्रश्न सुटला. पण ते यंत्र विरघळलेला पारा काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते. सांडपाणी समुद्रात जातच राहिले. कंपनीने ती प्रक्रिया मे १९६८ मध्ये बंद केली, आणि सरकारने रोगाचे कारण मान्य केले ते त्यानंतर, सप्टेंबर १९६८ मध्ये. कुमामोतो व कागोशिमा या दोन प्रांतांत मिळून अधिकृतपणे मान्य झालेल्या रुग्णांची संख्या २,२०० हून अधिक आहे. मान्यतेसाठी झगडणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. साफ करण्याचे साधन हाती आहे एवढ्या समजुतीवर माणसे किती वर्षे गाफील राहू शकतात, हे त्या यंत्राने दाखवले.

गाळातले विष बनवणारे

मिनामातात मिथिल मर्क्युरी कारखान्यातूनच बाहेर पडत होती. स्वीडनमधले कोडे वेगळे होते. तेथे कागदाच्या गिरण्या आणि कॉस्टिक सोड्याचे कारखाने पाऱ्याची इतर रूपे तळ्यांत सोडत होते, पण १९६० नंतरच्या दशकात तपासलेल्या माशांत आढळली ती मिथिल मर्क्युरी. सोडले एक आणि सापडले दुसरे, हे कसे?

सोरेन जेन्सेन आणि आर्ने येर्नेलॉव्ह यांनी तळाचा गाळ काचेच्या टाकीत घेऊन त्यात साधा, असेंद्रिय पारा मिसळला. काही दिवसांनी गाळात मिथिल मर्क्युरी तयार झालेली आढळली. गाळ आधी निर्जंतुक केला तर मात्र ती तयार होत नव्हती. १९६९ साली हे निष्कर्ष 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाले. विष बनवणारे कारागीर गाळातले सूक्ष्मजीव होते. १९८५ साली कॉम्पो आणि बार्था यांनी दाखवले की खाडीच्या गाळात हे काम मुख्यतः सल्फेटवर जगणारे, ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणारे जिवाणू करतात. ते कोणत्या जनुकांमुळे होते हे कळायला २०१३ साल उजाडले.

मिथिल मर्क्युरी जास्त घातक का? असेंद्रिय पारा शरीरात फारसा शोषला जात नाही. मिथिल मर्क्युरी मात्र आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे शोषली जाते, मेंदूत पोहोचते आणि आईच्या वारेतून गर्भापर्यंतही जाते. शिवाय ती शरीरातून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे प्लवकांकडून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत तिचे प्रमाण चढत जाते. पाण्यात नाममात्र असलेले प्रमाण शिकारी माशांच्या अंगात लाखो पटींनी वाढलेले असते.

तेव्हा शिबिरातल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग येथे मिळतो. निसर्गातले जिवाणू पाऱ्याचे विष उतरवतात हे खरे, पण त्याच निसर्गातले दुसरे जिवाणू ते चढवतात हेही तितकेच खरे. दोघेही आपापल्या जगण्याच्या व्यवहारात गुंतलेले आहेत. आपले भले किंवा वाईट करणे हा दोघांचाही उद्देश नाही.

रुग्णालयात सापडलेला सुगावा

विष उतरवणाऱ्यांचा शोध मात्र तळ्यात किंवा समुद्रात लागला नाही. तो लागला रुग्णालयात.

कॉख यांच्यानंतर पाऱ्याची जंतुनाशके रुग्णालयांत रुळली होती. आमच्या लहानपणी गुडघा फुटला की लावायचे ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, याच कुळातले. १९६० साली ब्रिटनमध्ये मूर यांना असे दिसले की रुग्णालयांत साथ पसरवणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू बऱ्याचदा पाऱ्याच्या क्षाराला दाद देत नाहीत. पाऱ्याचा क्षार घातलेल्या माध्यमावर जे उगवतील ते साथीचे जिवाणू, अशी ओळखपरीक्षाच त्यांनी सुचवली. १९६४ साली रिचमंड आणि जॉन यांनी दाखवले की पेनिसिलीन निकामी करण्याचा गुण आणि पाऱ्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात जोडीने जातात. १९६७ साली डेव्हिड स्मिथ यांना आतड्यातल्या जिवाणूंतही हेच आढळले. प्रतिजैविकांना विरोध करणारी जनुके ज्या लहान, सुट्या डीएनए-वर्तुळांवर असतात, त्या प्लाझ्मिडांवरच पाऱ्याला विरोध करणारी जनुकेही होती.

जिवाणू पाऱ्याचे करतात काय, हे मात्र कळत नव्हते. १९६८ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी मातीतला एक स्यूडोमोनास जिवाणू पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाच्या सान्निध्यात वाढवला. त्या काळी भातावरच्या करपा रोगासाठी पाऱ्याची अशी संयुगे जपानच्या शेतांत फवारली जात. प्रयोगात दिसले की माध्यमातला पारा कमी होत जातो. १९७१ साली कोमुरा व इझाकी यांनी औषधांना दाद न देणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंतही तेच पाहिले. पाऱ्याचे काहीतरी वाफेच्या रूपाने उडून जात होते.

ते 'काहीतरी' म्हणजे काय, याचे स्पष्ट उत्तर अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ॲन समर्स आणि सायमन सिल्व्हर यांनी १९७२ साली दिले. उडून जाणारा पदार्थ तापमापीत असतो तोच धातुरूप पारा होता. प्लाझ्मिड असलेल्या जिवाणूंनी द्रावणातल्या सुमारे ९५ टक्के मर्क्युरिक आयनांचे धातुरूप पाऱ्यात रूपांतर केले. धातुरूप पारा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याची वाफ सहज होते. तो पेशीतून बाहेर पडतो, माध्यमातून हवेत जातो आणि जिवाणू मोकळा होतो. पारा गेला कुठे? हवेत.

पेशीच्या आत

पुढच्या वीस वर्षांत हे यंत्र सुटे करून पाहिले गेले. संबंधित जनुके प्लाझ्मिडावर ओळीने, एकाच गटात असतात. या गटाला 'मर' असे नाव आहे. मर्क्युरी या शब्दाची ती पहिली अक्षरे. प्रत्येक प्रथिनाला मराठी वर्णमालेतले नसले तरी एक सुटसुटीत नाव आहे, आणि एकेकाचे काम वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगण्याजोगे आहे.

मर-आर हा पहारेकरी. तो जनुकांच्या ओळीच्या तोंडाशी बसलेला असतो आणि पारा नसेल तेव्हा पुढची जनुके बंद ठेवतो. पारा त्याच्या सिस्टीनांवर येऊन बसला की त्याचा आकार बदलतो, डीएनए किंचित पिळला जातो आणि जनुके चालू होतात. पाऱ्याच्या अत्यल्प प्रमाणालाही तो ओळखतो.

मर-पी आणि मर-टी हे हमाल. मर-पी पेशीच्या बाहेरच्या आणि आतल्या पडद्यांमधल्या जागेत पाऱ्याचा आयन पकडतो आणि आतल्या पडद्यातल्या मर-टीच्या हवाली करतो. मर-टी तो आत पोहोचवतो. हा प्रवास सिस्टीनाकडून सिस्टीनाकडे, हातोहात होतो, त्यामुळे वाटेत पारा मोकळा सुटून इतर प्रथिनांना चिकटत नाही. येथे एक आश्चर्य आहे. कॅडमियमसारखा धातू आत आला की जिवाणू ऊर्जा खर्च करून तो पंपाने बाहेर फेकतात. पाऱ्याला मात्र मुद्दाम आत घेतले जाते, कारण त्याचे रूप बदलायला लागणारी साधने पेशीच्या आत आहेत.

मर-ए हा मुख्य कारागीर, मर्क्युरिक रिडक्टेज नावाचे विकर. १९८२ साली फॉक्स आणि वॉल्श यांनी ते शुद्ध करून त्याचे काम उलगडले. १९९१ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची त्रिमितीय रचनाही समजली. पेशीच्या रोजच्या व्यवहारातला एनएडीपीएच हा रेणू इलेक्ट्रॉन पुरवतो. जीवनसत्त्व ब-२ पासून बनलेला एक पिवळा घटक ते इलेक्ट्रॉन पुढे देतो. दोन धनभार असलेल्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की उरतो भाररहित पाऱ्याचा अणू. दहावीच्या पुस्तकातले क्षपण ते हेच.

काही जिवाणूंकडे मर-बी हे आणखी एक विकर असते. ते मिथिल मर्क्युरीतला कार्बन आणि पारा यांच्यामधला बंध तोडते. कार्बनचा भाग मिथेन होऊन निघून जातो आणि उरलेला पाऱ्याचा आयन मर-एकडे येतो. मिनामाताच्या विषाचा उलटा प्रवास येथे घडतो.

या सगळ्यात जिवाणूला अन्न मिळाले का? नाही. उलट त्याने स्वतःचे एनएडीपीएच खर्च केले. म्हणून 'पारा खाणारे जिवाणू' हा शब्दप्रयोग आम्ही टाळतो. घरात शिरलेला साप काठीने बाहेर घालवणाऱ्या माणसाने साप खाल्ला असे आपण म्हणत नाही.

हे यंत्र कारखान्यांच्या काळात घडलेले नाही. ज्वालामुखी आणि उष्ण झऱ्यांतून पारा पृथ्वीवर अतिप्राचीन काळापासून बाहेर पडत आला आहे. जनुकांच्या तुलनेवरून बॉइड आणि बार्के यांच्यासारखे संशोधक असे मानतात की मर जनुकांचा उगम अशाच उष्ण झऱ्यांतल्या सूक्ष्मजीवांत झाला असावा. माणसाने फक्त त्यांची मागणी वाढवली.

उपसागर कोणी साफ केला?

आता पुन्हा मिनामातात येऊ. १९९० साली नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी उपसागरातल्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगांचे विघटन करून पारा वाफेच्या रूपाने उडवून देणारे जिवाणू त्या गाळात होते. मिथिल मर्क्युरी निकामी करणारेही होते. म्हणजे ज्या जागी माणसे आणि मांजरे बळी पडली, तेथेच विष उतरवणारे जिवाणू वाढले होते.

मग उपसागर त्यांनी साफ केला का? नाही. तो माणसांनी उपसला. १९७७ ते १९९० या काळात सुमारे ४८ अब्ज येन खर्चून २५ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेल्या सुमारे १५ लाख घनमीटर गाळाची व्यवस्था लावली गेली. काही गाळ उपसून आणला, काही जागेवरच बंदिस्त केला, आणि त्यावर भराव घालून सुमारे ५८ हेक्टर नवी जमीन तयार केली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ साली उपसागराच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ साली काढली. आज त्या भरावावर बाग आणि मैदाने आहेत. पारा गेला कुठे? त्या मैदानांच्या खाली. तो तेथेच आहे आणि बंदिस्त राहील याची काळजी पुढच्या पिढ्यांना घ्यावी लागणार आहे.

जिवाणूंना हे का जमले नाही, याची कारणे आता आपण सांगू शकतो. गाळातला बराचसा पारा गंधकाशी घट्ट बांधलेला असतो. तो जिवाणूच्या हमालांच्या हाती लागतच नाही. खोल गाळात ऑक्सिजन नसतो, आणि तेथे विष चढवणाऱ्यांचे राज्य असते. आणि जो पारा हवेत उडतो तोही संपत नाही. पाऱ्याची वाफ वातावरणात काही महिने ते वर्षभर राहू शकते, वाऱ्याबरोबर दूरवर जाते, तिचे पुन्हा आयनात रूपांतर होते आणि पावसाबरोबर तो पारा कुठल्यातरी तळ्यात उतरतो. तेथील गाळात मिथिल मर्क्युरी बनवणारे कारागीर वाट पाहत असतातच.

जिवाणूंना कामाला लावताना

याचा अर्थ या जिवाणूंचा उपयोग नाही असे नव्हे. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील संशोधन केंद्रात इरेने वाग्नर-डोब्लर आणि सहकाऱ्यांनी सांडपाणी समुद्रात मिसळण्यापूर्वीच, कारखान्याच्या आवारात, जिवाणूंना काम दिले. २००० साली त्यांनी ७०० लिटरच्या टाकीतले निष्कर्ष प्रसिद्ध केले. टाकीत भरलेल्या खड्यांवर स्यूडोमोनासच्या सात वाणांचा थर वाढवला होता. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याचे आम्ल सांडपाणी आधी उदासीन करून, थोडी साखर व यीस्टचा अर्क घालून, त्यातून सोडले. सुमारे ९७ टक्के पारा टाकीतच अडकला. तेथे पाऱ्याची वाफ हवेत जाऊ दिली नव्हती. सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तो खड्यांवर साठत होता. उरलासुरला पारा पुढच्या कोळशाच्या गाळणीत पकडला जाई. 'पारा गेला कुठे?' या प्रश्नाला येथे नेमके उत्तर होते: टाकीत, जेथून तो गोळा करता येईल.

जिवाणूंचा दुसरा उपयोग साक्षीदार म्हणून आहे. २००३ साली गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एन. रामय्या आणि जयशंकर डे यांनी आपल्या किनारी पाण्यात पाऱ्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण वाढल्याची नोंद केली. अशी बातमी वाचली की काहींना आनंद होतो: निसर्ग सफाईला लागला! आम्हाला ती धोक्याची सूचना वाटते. गावात अचानक छत्र्यांची दुकाने वाढली तर पाऊस थांबला असे कोणी म्हणत नाही.

या साक्षीला आणखी एक बाजू आहे. १९९३ साली ॲन समर्स आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या दातांत पाऱ्याचे मिश्रधातू भरून पाहिले. तोंडातल्या व आतड्यातल्या जिवाणूंत पाऱ्याला दाद न देणारे वाढले, आणि त्यांच्यातले बरेच प्रतिजैविकांनाही दाद देत नव्हते. एकाच प्लाझ्मिडावर दोन्ही जनुके असली की एकाची निवड दुसऱ्याला आपोआप पुढे आणते. म्हणजे समुद्रात सोडलेला पारा, कोणतेही औषध न वापरता, औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढवू शकतो. १९६० साली रुग्णालयात मिळालेला सुगावा असा पुन्हा रुग्णालयाकडेच परत येतो.

शिबिरातल्या प्रश्नाचे उत्तर

त्या शिक्षकांना आज आम्ही असे सांगू. जिवाणू पारा खात नाहीत, त्याचे रूप बदलतात. बंद टाकीत, आपल्या देखरेखीखाली, हे काम मोलाचे आहे. मोकळ्या समुद्रात ते आपल्या भरवशाचे नाही. जिवाणूंच्या नावावर सांडपाणी सोडत राहणे म्हणजे १९५९ सालचे ते यंत्र पुन्हा थाटामाटाने सुरू करणे. मिनामातात रुग्णांच्या नोंदी ज्यांनी ठेवल्या त्यांनी हे आधीच ओळखले होते की पारा बाहेर पडूच न देणे हाच खरा उपाय. जगाने ते मान्य केले ते २०१३ साली, जेव्हा 'मिनामाता करार' स्वीकारला गेला. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला, आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या उत्प्रेरकाने ॲसिटाल्डिहाईड बनवणे थांबवण्यासाठी त्या करारात २०१८ हे वर्ष ठरवलेले होते. मिनामाताच्या कारखान्यात ते सुरू झाल्याला तोवर ८६ वर्षे झाली होती.

वर्गात हा विषय घेताना पारा हाताळू नका, दाखवण्यासाठीसुद्धा नको. खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होत असते. फळ्यावर एक चित्र पुरे आहे: कारखाना, समुद्र, गाळ, मासा, माणूस, हवा, पाऊस. विद्यार्थ्यांना एकेक बाण काढू द्या आणि प्रत्येक बाणाशी तोच प्रश्न विचारा. जो बाण चित्राच्या बाहेर जाईल, तेथे त्यांना थांबवा. चित्राला बाहेर नाही.

आमच्या शाळेतल्या त्या फरशीच्या फटीलाही नव्हते. तेथे शिरलेले थेंब पुढची कित्येक वर्षे थोडे थोडे वाफ होऊन त्याच वर्गाच्या हवेत येत राहिले असणार. त्या हवेत आम्ही तास बसत होतो.